आकडा आणि आयुष्य : कोलेस्टेरॉलवरील उपचारांचा इतिहास

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून रात्रीच्या जेवणानंतर पूर्वी पानसुपारीचा डबा फिरत असे. आता त्या जागी गोळ्यांची डबी येते. लग्नमुंजीच्या पंगतीत दोन वयस्क शेजारी बसले की 'तुमचे किती?' असा प्रश्न कानी पडतो, आणि तो वयाविषयी नसतो, कोलेस्टेरॉलविषयी असतो. ज्याचा आकडा दोनशेच्या आत, तो जिलबीकडे निर्भयपणे हात नेतो. इतर जण 'आज एक दिवस चालेल' असे म्हणून तोच हात नेतात.

दांडिया बाजारात राहणारे आमचे थोरले काका यांनी दोन वर्षांपूर्वी ही गोळी आपण होऊन बंद केली. त्यांच्या हृदयाच्या रोहिणीत पूर्वीच एक जाळी बसविलेली आहे. गोळीने पाय दुखतात, हे त्यांचे एक कारण; आणि 'हे सारे कारखान्यांचे खूळ आहे, आपला गुग्गुळ हेच काम शतकानुशतके करतो आहे' हे दुसरे. आम्ही वैद्य नव्हे; त्यांना उत्तर द्यावे तर जवळ काही नव्हते. म्हणून या औषधांचा इतिहास शोधू लागलो. काकांच्या दोन्ही आक्षेपांना त्यात जागा आहे, हे लक्षात आल्यावर तो वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

कोलेस्टेरॉल प्रथम सापडले ते रक्तात नव्हे, पित्ताशयातील खड्यांत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हा मेणासारखा पदार्थ वेगळा करण्यात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. पित्त आणि घन या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्या नावात जोडलेले आहेत. पुढे १९१० साली आडोल्फ विंडाउस या जर्मन शास्त्रज्ञाने रोगट महारोहिणीच्या भिंतीत निरोगी रोहिणीच्या वीस पटींहून अधिक कोलेस्टेरॉल असल्याचे दाखविले. तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह याने सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत मनुष्याच्या रोगासारखेच थर तयार झालेले पाहिले. मात्र इतरांनी हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला तेव्हा काहीच घडले नाही. हे प्राणी आहारातून आलेले कोलेस्टेरॉल पित्ताम्लात रूपांतरित करून सहज निकालात काढतात. ससा तर जन्माचा शाकाहारी, त्याला हा पदार्थ पचावा कसा, असे म्हणून अनिच्कोव्हचे काम बाजूस सारले गेले. कोणत्या प्राण्यावर प्रयोग केला यावरून किती फरक पडतो याचा हा पहिला दाखला. याच मुद्द्यावरून पुढे एक मोठे औषध जवळजवळ गमावले गेले होते.

१९५० साली अमेरिकेत बर्कले येथे जॉन गॉफमन याने अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात रक्तद्रव घालून त्यातील स्नेहकण घनतेप्रमाणे वेगळे केले. आज रक्ततपासणीच्या कागदावर दिसणारी एलडीएल आणि एचडीएल ही नावे त्या कामातून आली. त्याआधी १९४८ मध्ये फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावातील ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी सुरू झाली होती. रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो, हे तिच्यातून दिसू लागले. रोग आणि आकडा यांचा संबंध असा जुळला. तेव्हा आकडा उतरविला की रोग टळेल, हा तर्क कोणालाही सुचावा असाच होता. या साऱ्या इतिहासातील फसगत त्या तर्कातच आहे.

कारण आकडा उतरविणे फार अवघड नव्हते. १९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरानॉल नावाचे औषध विक्रीस आले. आपले शरीर कोलेस्टेरॉल सुमारे तीस पायऱ्यांनी तयार करते; हे औषध त्यातील अगदी शेवटची पायरी अडवीत असे. आकडा उतरला, परंतु अलीकडच्या पायरीवरील डेस्मोस्टेरॉल नावाचा पदार्थ शरीरात साचू लागला. रुग्णांचे केस गळाले, कातडी कोरडी पडली आणि कित्येकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले. १९६२च्या एप्रिलमध्ये औषध मागे घेण्यात आले. कंपनीने प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रतिकूल निष्कर्ष सरकारपासून दडविले होते, हे त्यानंतरच्या खटल्यात उघड झाले. कारखान्यांविषयी काकांच्या मनात असलेला संशय अगदी निराधार नाही, असे आम्ही म्हणतो ते या प्रकरणामुळे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लोफायब्रेट निघाले. त्याने मोतीबिंदू झाले नाहीत, आकडा थोडा उतरे, आणि ते वर्षानुवर्षे जगभर दिले गेले. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने एडिंबरो, प्राग आणि बुडापेस्ट या तीन शहरांतील सुमारे पंधरा हजार पुरुषांवर त्याची दीर्घ परीक्षा झाली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल मोठा चमत्कारिक होता. औषध घेणाऱ्यांत प्राणघातक नसलेले हृदयाचे झटके कमी झाले होते, पण एकूण मृत्यू अधिक झाले होते. आकडा उतरला, झटके कमी झाले, आणि माणसे मात्र जास्त मेली! त्या दिवसापासून विचारी वैद्यांनी प्रश्नच बदलला. 'कोलेस्टेरॉल किती उतरले' हे विचारून भागत नाही. 'दोन्ही गटांत मेले किती' हे विचारावे लागते.

इतर उपायांविषयी थोडक्यात सांगतो. नायासिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कोलेस्टेरॉल उतरते, हे १९५५ साली कॅनडात आढळले. घेणाऱ्याचा चेहरा मात्र लालबुंद होऊन जळजळे. कोलेस्टिरामाइन ही वाळूसारखी कचकचीत राळ पाण्यात कालवून प्यावी लागे. ती आतड्यात पित्ताम्ल पकडून ठेवते आणि यकृताला नवे पित्ताम्ल करण्यासाठी कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. १९८४ मध्ये ३,८०६ अमेरिकन पुरुषांवरील परीक्षेत तिने झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी केले, तरी एकूण मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. शिवाय बद्धकोष्ठ सोसून सात वर्षे रोज ती राळ पिणारे लोक सापडणे कठीण.

आता काकांच्या गुग्गुळाकडे वळू. ही हकीकत आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे. मेद वाढून स्रोतसांचे मार्ग कसे अडतात, हे तिथे सांगितले आहे. त्यावरील औषधांत गुग्गुळ येतो. नवा गुग्गुळ पुष्टी देणारा आणि जुना गुग्गुळ लेखन करणारा, म्हणजे खरवडून काढणारा, असा भेदही आपल्या वैद्यकग्रंथांत केलेला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन करणाऱ्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी हे वर्णन आधुनिक वैद्यकातील रोहिणीविकाराशी जुळते हे ताडले आणि १९६६ साली सादर केलेल्या आपल्या प्रबंधासाठी त्यांनी ते सशांवर पडताळून पाहिले. सशांना वनस्पती तूप, ज्याला त्या काळी घरोघर एकाच कंपनीच्या नावाने ओळखत, ते खाऊ घालून त्यांचे कोलेस्टेरॉल वाढविले. गुग्गुळाने ते उतरले. जुन्या ग्रंथातील एक श्लोक गृहीतक मानून तो प्रयोगशाळेत तपासण्याचा हा बाणा आम्हांला फार मोलाचा वाटतो. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या महिला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा शुद्ध अर्क सिद्ध केला आणि १९८०च्या दशकात तो आपल्या बाजारात आला.

मग अडले कुठे? आपल्याकडील परीक्षा लहान होत्या आणि अल्पकाळ चालल्या. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे परीक्षा झाली, तीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्के वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. अमेरिकनांचा आहार वेगळा, प्रकृती वेगळी, हे म्हणणे आम्ही झिडकारीत नाही. परंतु पाच-दहा वर्षे हजारो माणसांना गुग्गुळ देऊन दोन्ही गटांतील मृत्यू मोजणारी परीक्षा आजवर कोणीही केलेली नाही. गुग्गुळ नापास झाला असे नव्हे. शेवटच्या परीक्षेला तो बसलाच नाही. एक गोष्ट आणखी सांगावयास हवी. हे काटेरी झुडूप आमच्या गुजरातेतील कच्छात आणि राजस्थानात होते. डिंक अधिक मिळावा म्हणून खोडाला निर्दयपणे घाव घालतात आणि झाड मरते. आज त्याची गणना नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील वनस्पतींत होते.

सत्यवतींचा प्रबंध झाला त्याच वर्षी, १९६६ मध्ये, अकिरा एन्डो नावाचा एक तरुण जपानी शास्त्रज्ञ न्यूयॉर्कला गेला. जपानच्या उत्तरेकडील अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात १९३३ साली त्याचा जन्म झाला. आजोबांमुळे त्याला लहानपणीच कुत्र्याच्या छत्र्यांचे आणि बुरशांचे वेड लागले. पेनिसिलीन शोधणारा फ्लेमिंग हा त्याचा आदर्श. औषधाच्या कंपनीत लागल्यावर फळांचा रस निवळ करणारे एक विकर त्याने बुरशीतूनच मिळविले होते. न्यूयॉर्कमध्ये त्याने दोन गोष्टी पाहिल्या: म्हाताऱ्या माणसांचे स्थूल देह आणि हृदयाच्या झटक्याने कोसळलेल्यांना नेणाऱ्या रुग्णवाहिका.

तोवर एक महत्त्वाची गोष्ट कळून चुकली होती. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, शरीर ते स्वतःच घडविते. आणि त्या तीस पायऱ्यांत एक पायरी अशी आहे की जिच्यावर साऱ्या कामाचा वेग ठरतो. त्या पायरीवरील विकराचे नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. ही पायरी पुष्कळ अलीकडची आहे. तिथे अडविले तर ट्रायपॅरानॉलप्रमाणे भलताच पदार्थ साचून राहत नाही. एन्डोचा तर्क साधा होता. बुरशा आपल्या शत्रुजंतूंना मारण्यासाठी नाना रसायने सोडतात. त्यांपैकी एखादे शत्रूचे हेच विकर बंद पाडणारे असले पाहिजे. १९७१ मध्ये त्याने आणि मासाओ कुरोदा याने एकेक बुरशी वाढवून तपासण्यास प्रारंभ केला. दोन वर्षांत सहा हजारांहून अधिक बुरशा तपासल्या. १९७२ मध्ये सापडलेले पहिले द्रव्य मूत्रपिंडास अपायकारक निघाले. १९७३ मध्ये दुसरे सापडले, ते क्योटो येथील धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरील निळसर हिरव्या बुरशीत. त्याला पुढे कॉम्पॅक्टिन हे नाव पडले. आपल्या घरी अशा बुरशीचा तांदूळ दिसला तर आपण डबाच घासून उन्हात ठेवतो!

हे द्रव्य उंदरांना दिले आणि काहीच झाले नाही. कंपनीच्या मते प्रकरण तिथेच संपले होते. उंदराचे यकृत औषधाला उत्तर म्हणून तेच विकर कित्येक पटींनी वाढविते, हे नंतर उमगले. एन्डोने हट्ट सोडला नाही. अंड्यात कोलेस्टेरॉल विपुल, म्हणजे अंडी घालणारी कोंबडी ते विपुल घडवीत असणार, असा त्याचा विचार. नोरितोशी कितानो या सहकाऱ्याजवळ प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्या होत्या. १९७६च्या आरंभी त्यांच्या खाद्यात औषध मिसळले. काही आठवड्यांत त्यांचे कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. अनिच्कोव्हच्या सशांना उंदरांनी खोटे पाडले होते, एन्डोची बाजू कोंबड्यांनी सावरली.

१९७८ मध्ये ओसाका येथे डॉ. अकिरा यामामोतो यांनी हे औषध प्रथमच एका अठरा वर्षांच्या मुलीला दिले. आईवडील दोघांकडूनही दोष आल्यामुळे जिचे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कित्येक पट असते, अशी ती रुग्ण होती. आकडा उतरला, पण तिचे स्नायू दुबळे पडू लागले. औषध थांबविले, मात्रा घटविली. पुढील रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २७ टक्के उतरले आणि स्नायूंचा त्रास दिसला नाही. या औषधाने पाय दुखतात, या तक्रारीचे मूळ असे पहिल्याच रुग्णापाशी सापडते.

तरीही १९८० मध्ये एन्डोच्या कंपनीने काम बंद केले. फार मोठी मात्रा दोन वर्षे दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यात अर्बुदे दिसली, असे सांगण्यात आले; ती अर्बुदे नव्हतीच, असे एन्डोचे म्हणणे. तो त्यापूर्वीच कंपनी सोडून टोकियोत अध्यापनास गेला होता. इकडे अमेरिकेत मर्क कंपनीच्या आल्फ्रेड आल्बर्ट्स आणि रॉय व्हॅजेलॉस यांच्या गटाला दुसऱ्या एका बुरशीत तशाच जातीचे लोव्हास्टॅटिन मिळाले होते. कुत्र्यांची वार्ता ऐकून त्यांनीही हात आखडला. ते काम पुन्हा सुरू झाले याचे श्रेय काही वैद्यांना आहे. ज्यांच्यावर दुसरा उपायच उरला नव्हता अशा जन्मजात दोषाच्या रुग्णांसाठी त्यांनी हे औषध मागून घेतले. टेक्ससमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी त्याच रुग्णांच्या पेशींवरून यकृत रक्तातील एलडीएल कसे उचलते हे उलगडले होते. त्यासाठी त्यांना १९८५चे नोबेल मिळाले. १ सप्टेंबर १९८७ रोजी लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. एन्डोला त्यातून द्रव्यलाभ झाला नाही. तो २०२४च्या जूनमध्ये, नव्वदाव्या वर्षी, वारला.

पण क्लोफायब्रेटचा प्रश्न उभाच होता: मेले किती? कोलेस्टेरॉल कमी केल्याने अन्य कारणांनी मृत्यू वाढतात, असे मत तेव्हा जोरात होते. उत्तर १९९४च्या नोव्हेंबरात आले. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतील ४,४४४ हृदयरुग्णांना पाच वर्षांहून अधिक काळ सिम्व्हास्टॅटिन किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी देण्यात आली होती. कोणाला काय मिळते, हे ना रुग्णाला ठाऊक, ना वैद्याला. शेवटी मोजदाद झाली. पोकळ गोळीच्या गटात २५६ मेले, औषधाच्या गटात १८२. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक. अन्य कारणांचे मृत्यू वाढले नव्हते. गुग्गुळाविषयी विचारावयाचे ते आम्ही याच आकड्यांच्या आधारे विचारतो.

म्हणून सारे निर्धास्त झाले, असेही नाही. सेरिव्हास्टॅटिन या भाईबंदाने स्नायूंचा नाश होऊन पन्नासाहून अधिक मृत्यू झाल्याची नोंद झाली आणि २००१च्या ऑगस्टमध्ये ते मागे घ्यावे लागले. ज्याला हृदयविकार झालेलाच नाही आणि इतर धोकेही फारसे नाहीत, अशा माणसाने केवळ आकड्यासाठी आयुष्यभर गोळी घ्यावी काय, याविषयी जाणत्यांतही मतभेद आहेत, आणि ते असणे आम्हांला आरोग्याचेच लक्षण वाटते. पण काकांच्या हृदयात जाळी आहे. ते त्या ४,४४४ जणांच्या पंगतीतले.

राहता राहिले पाय. २०२० साली लंडनमधील संशोधकांनी, दुखण्यापायी स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना बारा बाटल्या दिल्या: चारांत औषध, चारांत पोकळ गोळ्या, चार रिकाम्या. दर महिन्यास एक बाटली, आणि त्रास किती याचा रोज शंभरापैकी एक आकडा लिहावयाचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ आली, औषधाच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळ्यांच्या महिन्यांत १५.४! दुखणे खरे होते. पण त्यातील बहुतांश भाग गोळीतील द्रव्याचा नव्हता, गोळी घेतो आहोत या जाणिवेचा होता. हे पाहिल्यावर त्यांतील निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

अलीकडे एलडीएल उतरविणारी टोचण्याची औषधेही आली आहेत. २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळालेले इन्क्लिसिरन तर सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावे लागते. त्यांची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. उलट एन्डोच्या बुरशीच्या वंशातली गोळी आपल्याकडे स्वस्त आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने २००५ पर्यंत औषधावर नव्हे, ते करण्याच्या रीतीवरच हक्क मान्य केला होता, हे त्याचे एक मोठे कारण.

हे सारे आम्ही काकांना दोन संध्याकाळी मिळून सांगितले. ट्रायपॅरानॉलच्या प्रकरणावर ते प्रसन्न झाले, कोंबड्यांवर हसले, आणि २५६ व १८२ हे आकडे त्यांनी दोनदा विचारून घेतले. नंतर त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन दुसरी, कमी मात्रेची गोळी लिहून घेतली. देवापुढचा गुग्गुळाचा धूप पूर्ववत चालू आहे. बँकेतील नोकरीच्या सवयीने त्यांनी एक वही आखली असून तीत तारीख आणि पायदुखी यांचे रकाने आहेत. परवा आम्ही ती पाहिली. गेल्या महिन्यात दुखण्याची नोंद चार दिवस होती. त्यांपैकी तिहींपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'सूरसागराला दोन फेऱ्या'.